हार्ड डिस्क : जोडणी आणि जपणूक

(नभोवाणीवरील भाषण)

घरोघर संगणक आला त्याला आतां बरींच वर्षें लोटलीं. पण त्याच्या पोटांत काय काय सांठलें आहे याचा हिशेब फारच थोड्या घरीं ठेवला जातो. मुलाच्या मुंजीचीं छायाचित्रें, आजीनें म्हटलेल्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण, आयकराचीं विवरणपत्रें, घराच्या खरेदीखताची प्रत, परगांवीं शिकणाऱ्या मुलीचीं प्रमाणपत्रें, हें सारें एकाच यंत्रांत, एकाच जागीं असतें. आणि तें यंत्र एके दिवशीं मुकें होईपर्यंत त्याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. या धोक्याची जाणीव ज्यांना वेळींच होते ते बाजारांतून एक लहानशी पेटी आणतात. तिला एक्स्टर्नल हार्ड डिस्क, म्हणजे संगणकाला बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क, म्हणतात. ही पेटी घरीं आणल्यावर तिची घडी कशी बसवावी, कोठें सावध राहावें, आणि एवढें केल्यानें आपला ठेवा खरोखर सुरक्षित होतो कीं नाहीं, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें त्या वर्षीं 'रॅमॅक' नांवाचें यंत्र पुढें आणलें. त्याच्या सांठवणुकीच्या भागांत दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरांत होतें, आणि एवढ्या पसाऱ्यांत सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत असत. आज तळहातावर राहील अशा पेटींत २ टेराबाइट, म्हणजे अक्षरांच्या हिशेबानें दोन लक्ष कोटी अक्षरें, मावतात. माप चार लक्ष पटींनीं वाढलें. पण मूळ कल्पना तीच राहिली. आंत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५,४०० फेरे या वेगानें फिरतात, आणि वाचणारें व लिहिणारें टोक तबकडीला स्पर्श न करतां तिच्यावर अवघ्या कांहीं नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतें. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मनुष्याचा केस सुमारें ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. ही तुलना ध्यानांत ठेवली म्हणजे चालूं असलेली पेटी टेबलावरून ओढूं नये, उलटी करूं नये, तिची वायर लोंबकळत ठेवूं नये, हे नियम निराळे पाठ करावे लागत नाहींत.

याच कामाची दुसरी एक जात आहे, तिला एस. एस. डी. म्हणतात. तिच्यांत फिरणारें असें कांहींच नसतें. त्यामुळें ती धक्क्याला दाद देत नाहीं आणि वेगहि पुष्कळ असतो. परंतु सारख्याच मापाला तिला पैसे अधिक पडतात, आणि विजेचा स्पर्श न होतां वर्षानुवर्षें कपाटांत पडून राहिल्यास तिच्यावरील मजकूर टिकेलच असा भरंवसा धरतां येत नाहीं. रोज प्रवासांत नेण्यास ती उत्तम. घरच्या ठेव्यासाठीं फिरती तबकडी अद्यापि पुरेशी आहे.

खरेदी करतांना संगणकांत आज जेवढें भरलें आहे त्याच्या निदान दुप्पट मापाची पेटी घ्यावी. आणि किंमत पाहून भुलूं नये. बाजारभावाच्या दशांश किंमतींत कोणी १६ टेराबाइट देऊं करीत असेल, तर ती लबाडी समजावी. अशा पेटींत एखादें लहानसें मेमरी कार्ड बसविलेलें असतें, आणि संगणकाला खोटें माप सांगण्याची तिला शिकवण दिलेली असते. खरी जागा संपली कीं नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो किंवा कोठेंच लिहिला जात नाहीं. फाइलींचीं नांवें मात्र दिमाखानें दिसत राहतात. संशय आल्यास विंडोजवर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' आणि लिनक्सवर 'एफ-थ्री' हे विनामूल्य प्रोग्राम आहेत. ते पेटी कांठोकांठ भरून पुन्हां वाचून पाहतात आणि सत्य काय तें सांगतात. ही परीक्षा पेटी रिकामी असतांनाच घ्यावयाची.

याच्या उलट, जेथें लबाडी नाहीं तेथें ती पाहूं नये. पेटीवर १ टेराबाइट छापलेलें असतें आणि विंडोज ९३१ जीबी दाखवितो. तेव्हां दुकानदारानें फसविलें असें पुष्कळांना वाटतें. वस्तुस्थिति अशी कीं कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीनें. दोघेहि एकच जागा मोजीत आहेत. माप तेवढें निराळें. पूर्वीं प्रांतोप्रांतींचा शेर सारखा नसे, त्यांतलाच हा प्रकार. मॅक संगणक २००९ पासून हजाराच्याच पटीनें मोजतो, म्हणून तेथें हा फरक दिसत नाहीं.

आतां जोडणी. लहान पेटीला, जिच्यांतील तबकडी अडीच इंची असते तिला, संगणकाकडून मिळणारी वीज पुरते. साडेतीन इंची तबकडीची मोठी पेटी असेल तर तिच्याबरोबर भिंतींतील प्लगला लावावयाचा अडॅप्टर येतो, आणि त्याशिवाय ती चालत नाहीं. लहान पेटी जोडल्यावर नुसती टकटक करून थांबत असेल, तर बहुधा तिला वीज कमी पडत असते. मधला यूएसबी हब काढून ती सरळ संगणकाला जोडून पाहावी. तरीहि तोच आवाज येत राहिला तर ती सदोष समजून परत करावी. तिच्यांत कांहींहि भरूं नये.

यूएसबीच्या खांचांतहि दोन पिढ्या आहेत. २००० सालची दुसरी आवृत्ति आणि २००८ सालची तिसरी. तिसरीच्या आयताकृति खांचेंत पुष्कळदां निळी पट्टी असते. फरक किती? ५०० जीबी मजकूर भरावयाचा असेल, तर तिसऱ्या आवृत्तीवर सेकंदाला १०० मेगाबाइट या गतीनें सुमारें दीड तास लागेल. दुसरीवर गति पस्तीसच्या आसपास अडकते आणि त्याच कामाला चार तास लागतात. हजारों लहान लहान फाइली असतील तर दोहोंकडे वेळ याहून वाढेल. म्हणून पेटीबरोबर आलेली केबल बाजूला ठेवून कपाटांतील जुनी केबल वापरूं नये.

पेटी जोडल्यावर तीनांपैकीं एक गोष्ट घडते. बहुतेक वेळां ती आपण होऊन संगणकाच्या यादींत दिसूं लागते. कधीं 'ही डिस्क फॉरमॅट करावयाची काय' असा प्रश्न येतो. आणि कधीं कांहींच घडत नाहीं. या तीन प्रसंगांचा विचार करण्यापूर्वीं फॉरमॅट या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कारण या साऱ्या प्रकरणांत अपरिमित नुकसान करूं शकेल असा शब्द हाच आहे.

पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधलेले असत. कोणता कागद कोणत्या रुमालांत आहे याची यादी नसेल, तर लक्षावधि कागद असून नसल्यासारखेच. हार्ड डिस्कवरहि अशीच एक यादी असते. तबकडीचे बारीक बारीक कप्पे पाडलेले असतात, आणि कोणती फाइल कोणत्या कप्प्यांत आहे हें त्या यादींत लिहिलेलें असतें. यादी ठेवण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात, आणि नवी कोरी यादी मांडणें म्हणजे फॉरमॅट करणें. यादी कोरी झाली म्हणजे जुना मजकूर कोठें आहे हें संगणक विसरतो. झटपट फॉरमॅटमध्यें निदान मजकूर मागें राहिलेला असतो, आणि पुष्कळ पैसे खर्चून त्यांतला कांहीं भाग जाणकाराकडून परत मिळूं शकतो. विंडोजमधील पूर्ण फॉरमॅट मात्र साऱ्या तबकडीवर शून्यें लिहीत जातो. त्यानंतर कोणीहि कांहीं करूं शकत नाहीं.

म्हणून नियम असा: डिस्क आजच दुकानांतून आणलेली आणि कोरी असेल, तरच फॉरमॅटच्या प्रश्नाला होकार द्यावा. जिच्यावर आपला मजकूर आहे अशी जुनी डिस्क जोडल्यावर तोच प्रश्न आला, तर उत्तर नेहमीं नकाराचेंच. त्या वेळीं यादी बिघडलेली असते अथवा संगणकाला ती वाचतां येत नसते. मजकूर बहुधा शाबूत असतो. संगणक विचारतो इतक्या सहजपणें कीं मनुष्य तितक्याच सहजपणें 'हो' म्हणून जातो, आणि दहा वर्षांचीं छायाचित्रें एका टिचकीसरशीं नाहींशीं होतात.

यादीची पद्धत कोणती निवडावी हें घरांत कोणते संगणक आहेत त्यावर अवलंबून आहे. केवळ विंडोज असेल तर १९९३ पासून चालत आलेली एनटीएफएस ही पद्धत बळकट आहे. काम चालूं असतां वीज गेली तरी यादी सांवरून घेण्याची तिच्यांत सोय आहे. केवळ मॅक असेल तर २०१७ सालीं मॅकवर आलेली एपीएफएस घ्यावी. घरांत दोन्ही असतील तर अडचण येते. कारण मॅक एनटीएफएस वाचतो, पण जादा प्रोग्राम घातल्याशिवाय तिच्यावर लिहीत नाहीं. अशा घरांसाठीं एक्सफॅट ही पद्धत आहे. ती दोघांनाहि वाचतां येते आणि लिहितां येते. तिच्यांत सांवरून घेण्याची ती सोय नाहीं, म्हणून तिच्या बाबतींत वायर उपटण्याची घाई अधिकच महाग पडते. फॅट-३२ या जुन्या पद्धतीच्या वाटेला जाऊं नये; ४ जीबीहून मोठी फाइल ती घेत नाहीं, आणि लग्नाची एखादी चित्रफीत सहज तेवढी भरते.

प्रत्यक्ष कृति थोडक्यांत सांगतों. विंडोजवर पेटी यादींत दिसत नसेल, तर स्टार्ट बटणावर माउसच्या उजव्या बाजूची कळ दाबावी आणि डिस्क मॅनेजमेंट उघडावें. तेथें प्रत्येक डिस्क एकेका आडव्या पट्टीनें दाखविलेली असते. नवी डिस्क 'इनिशियलाइझ' करण्याविषयीं विचारणा झाली तर जीपीटी हा पर्याय निवडावा. एमबीआर ही १९८३ सालची पद्धत असून तिला सुमारें २ टेराबाइटपलीकडे मोजतां येत नाहीं. नंतर काळ्या कडेच्या रिकाम्या जागेवर उजवी कळ दाबून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' निवडावें आणि विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें देत जावें. मॅकवर डिस्क युटिलिटी उघडून सर्व उपकरणें दाखविण्याची आज्ञा द्यावी, पेटीचें सर्वांत वरचें नांव निवडावें, आणि 'इरेज'मध्यें नांव, पद्धत व 'जीयूआयडी' आराखडा हीं तीन उत्तरें द्यावीं.

या जागीं क्षणभर थांबावें. समोर दोन पट्ट्या आहेत. एक घरच्या संगणकाची, दुसरी नव्या पेटीची. चुकीची पट्टी निवडली तर जिच्या रक्षणासाठीं हा खटाटोप तीच पुसली जाईल. माप वाचावें, नांव वाचावें. आणि तरीहि मनांत किंतु असेल तर पेटी रीतसर काढून कोणती पट्टी नाहींशी होते तें पाहावें. पेटीला नांवहि ओळखूं येईल असेंच द्यावें: 'घरचा ठेवा', पुढें वर्ष, आणि तेंच नांव कागदावर लिहून पेटीवर चिकटवावें. दोन वर्षांनीं सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्या घरांत असल्या म्हणजे या चिठ्ठीचें मोल कळतें.

यानंतर कुलुपाचा प्रश्न. पेटी खिशांत मावते, म्हणजे ती चोरालाहि खिशांत घालतां येते; आणि तिच्यांत आपले आधार व पॅन कार्डाचे नमुने, बँकेचे कागद असतात. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तींत यासाठीं बिटलॉकर आहे. होम आवृत्ति अशी पेटी उघडते, पण नवें कुलूप घालूं शकत नाहीं. मॅकवर फॉरमॅट करतांनाच 'एन्क्रिप्टेड' पद्धत निवडतां येते. परंतु हें कुलूप लोहाराकडून फोडून घेण्याजोगें नाहीं. पासवर्ड विसरला आणि बिटलॉकरची ४८ अंकी राखीव किल्लीहि हरवली, तर पेटी बनविणारा कारखानदारसुद्धां तें उघडूं शकत नाहीं. तेव्हां ती किल्ली कागदावर उतरून दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवावी, आणि घरांतल्या दुसऱ्या एका माणसाला तिची जागा सांगावी. आपल्यामागें कुटुंबाला बँकेच्या खात्यांची माहिती असावी असें आपण म्हणतों. हीहि तसलीच माहिती आहे.

मजकूर भरतांना 'कट' करूं नये, 'कॉपी' करावें. म्हणजे मध्येंच वीज गेली तरी मूळ प्रत जागेवर राहते. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस नसेल तर वीजकपातीची वेळ टाळावी. भरणें झाल्यावर दोन्हींकडील फाइलींची संख्या आणि एकूण माप ताडून पाहावें, आणि चार निरनिराळ्या फोल्डरांतील चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. हें काम पुढें आपोआप व्हावें अशी इच्छा असेल, तर मॅकवर २००७ पासून टाइम मशीन आणि विंडोजवर २०१२ पासून फाइल हिस्टरी हीं साधनें आहेत. टाइम मशीनला संबंध पेटी लागते. तिच्यांत इतर सामान ठेवावयाचें असल्यास आधींच वेगळा विभाग पाडावा.

काम संपलें कीं वायर एकदम उपटूं नये. संगणक पुष्कळदां 'लिहिलें' असें सांगतो तेव्हां शेवटचा मजकूर त्याच्या स्मृतींतच असतो, तबकडीवर उतरलेला नसतो. विंडोजवर 'सेफली रिमूव्ह', मॅकवर 'इजेक्ट' ही आज्ञा देऊन, पेटीचा दिवा शांत झाल्यावरच ती काढावी. दोन पळांच्या या धीरानें कितीतरी याद्या वांचतात.

श्रोतेहो, येथवर जें सांगितलें तें केलें म्हणजे पेटी तयार झाली. ठेवा सुरक्षित झाला असें मात्र नव्हे. पुष्कळ घरीं असें होतें कीं नवी पेटी भरली, संगणकांत जागा व्हावी म्हणून तेथील मूळ फाइली पुसल्या, आणि पेटी कपाटांत गेली. पूर्वीं एक प्रत होती, आतांहि एकच आहे. फक्त तिचें घर बदललें. राखीव प्रत तीच, कीं जी मूळ प्रत असतांना दुसरी म्हणून असते.

या विषयांत पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें रूढ केलेला एक नियम स्मरणांत ठेवण्यास सोपा आहे. प्रती तीन असाव्या, साधनें दोन प्रकारचीं असावीं, आणि एक प्रत घराबाहेर असावी. घराबाहेर कां, याचें उत्तर मुंबईकरांस सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावर पाणी शिरतें तेव्हां तें टेबलावरचा संगणक आणि कपाटाच्या खालच्या खणांतील पेटी असा भेद करीत नाहीं. दुसरी पेटी बहिणीच्या घरीं, दुसऱ्या गांवीं, असेल तर ती वांचते; वर्षांतून दोनदां, दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुटींत, पेट्यांची अदलाबदल केली तरी पुरे. आणि पेटी सदासर्वदा संगणकाला जोडून ठेवूं नये. २०१७ च्या मे महिन्यांत वॉनाक्राय नांवाच्या विषाणूनें अनेक देशांतील संगणकांवरील फाइलींना कुलुपें घालून खंडणी मागितली. अशा विषाणूच्या हातीं संगणक लागला कीं त्याला जोडलेली पेटीहि लागते.

राखीव प्रत आहे असें मानणें आणि ती वाचतां येणें यांतहि अंतर आहे. 'टॉय स्टोरी २' हा पिक्सार कंपनीचा चित्रपट १९९९ सालीं पडद्यावर आला. त्याच्या आदल्या वर्षीं एका चुकीच्या आज्ञेनें त्याच्या कामाचा बहुतेक भाग पुसला गेला, आणि राखीव प्रती काढूं जातां त्या कित्येक दिवस नीट घेतल्याच जात नव्हत्या असें आढळलें. गॅलिन सुसमन या अधिकारी बाई त्या सुमारास तान्ह्या बाळामुळें घरून काम करीत; त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिनें चित्रपट तारला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपण सहा महिन्यांनीं एकदां पेटी जोडून चार फाइली उघडून पाहावयास काय हरकत आहे? पावसाळ्यांत ती कोरड्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी. आणि चारपांच वर्षांनीं ती चांगली चालत असली तरी नवी आणून तिच्यांत प्रत उतरावी.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुन्या घरांतून कागद गोळा केले आणि १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. ते कागद ज्यांच्या घरीं होते त्यांतील पुष्कळांना त्यांची किंमत माहीत नव्हती. तरी दुर्लक्षांतहि कागद टिकले आणि मोडी जाणणाऱ्याला ते वाचतां आले. कागदाला ही उदारता आहे. हार्ड डिस्कला ती नाहीं. माळ्यावर पन्नास वर्षें पडलेली पेटी आपल्या नातवाच्या हातीं लागली, तर तिच्यांतून कांहीं निघेल अशी आशा धरण्यास आधार नाहीं. आपल्या पिढीचीं पत्रें, आवाज आणि मुखें पुढच्या पिढीला मिळावयाचीं असतील, तर तीं दर कांहीं वर्षांनीं कोणीतरी जाणीवपूर्वक एका पेटींतून दुसरींत उतरवीत राहिलें पाहिजे. पूर्वीं पोथ्यांच्या नकला करणारे जें करीत तेंच हें काम आहे. हाताला तेवढे श्रम कमी. तें आपल्या घरीं कोणाकडे असावें, एवढें आज रात्रीं जेवतांना ठरवावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.